अठरा मिनिटांचं गाणं स्टेजवर उभं राहतं का

परवा शनिवारी रात्री परत तोच वाद झाला, 'क्लोज टू द एज' हे अठरा मिनिटांचं गाणं लाईव्ह वाजवता येतं का हा, आणि ह्या वेळी मी ठरवलं की लिहूनच टाकायचं, कारण बोलताना माझं नेहमी अर्धंच राहतं, मध्येच कोणतरी भडंगची पुडी फोडतं नाहीतर आयर्विनला पाणी किती फुटावर आलं ते मोबाईलवर बघतं आणि मुद्दा जागेवर राहतो. बाहेरच्यांसाठी सांगतो, जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीत कुणीही भेटलं तरी पहिला प्रश्न "पाणी किती?" हाच असतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. परवा ३१ होतं, म्हणजे निवांत होतो. तरी बघत होतो.

आम्ही चौघं असतो. एक विश्रामबागचा, इंजिनिअर, त्याच्याकडं मोठे स्पीकर आहेत म्हणून बैठक त्याच्या गच्चीवरच्या खोलीत. एक मिरजेचा, त्याच्या घरात तीन पिढ्या तंबोरे आणि सतारी होतात. एक ड्रमर, लग्नाच्या आणि गणपतीच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो, दिवसा मार्केट यार्डात हळदीच्या दुकानात बसतो. आणि मी, गावभागातला. नावं लिहीत नाही, त्यांना आवडत नाही.

तर गाणं. येस ह्या इंग्लिश बँडचं 'क्लोज टू द एज', १९७२. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे ज्यांनी तीन-चार मिनिटांचं गाणं सोडून लांबलचक, वळणावळणाच्या रचना केल्या ती मंडळी. हे एकच गाणं रेकॉर्डची अख्खी पहिली बाजू व्यापतं, साडेअठरा मिनिटांच्या वर. चार भाग आहेत. सुरुवातीला पाखरं आणि पाण्याचा आवाज हळूहळू वर येतो, मग एकदम गिटार, बेस, ड्रम सगळे एकमेकांच्या अंगावर धावून गेल्यासारखे सुटतात, मध्येच एका झटक्यात सगळं थांबतं आणि नुसते गळे, "आऽऽ" करून, आणि परत तोच धुमाकूळ. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं स्पीकर बिघडला. मग सूर सापडतो, गाणं सुरू होतं, दुसऱ्या भागात बेस आणि ड्रमची विचित्र हिशोबाची लय, तिसरा भाग अगदी संथ, त्यात चर्चचा ऑर्गन, तिथनं परत उसळी, हॅमंड ऑर्गनवर कीबोर्डवाल्या वेकमनची ती पिसाट सोलो, आणि शेवटचा चढ झाला की परत पाखरं.

गायक जॉन अँडरसननं हेरमान हेसेच्या 'सिद्धार्थ'वरनं हे सुचल्याचं सांगितलेलं आहे. म्हणजे नदीकाठी नावाड्याजवळ राहून नदी ऐकायला शिकलेला तो सिद्धार्थ. कृष्णेच्या काठावर वाढलेल्या माणसाला हे समजवायला लागत नाही. आमच्या घराच्या माळवदावरनं पावसाळ्यात रात्री नदी ऐकू येते, खळखळ वगैरे नसते ती, एक जाड, न थांबणारा आवाज असतो. असो.

विश्रामबागवाल्याचं म्हणणं पंधरा वर्षं तेच आहे, की हे गाणं लाईव्ह होत नाही. आणि तो उगाच बोलणारा माणूस नाही. त्याचा मुद्दा असा की लंडनच्या अ‍ॅडव्हिजन स्टुडिओत ही पोरं काही मिनिटं, कधी कधी काही मात्राच, रचायची, तेवढंच घोटून वाजवायची, टेपवर घ्यायची, मग पुढचा तुकडा. एडी ऑफर्ड हा त्यांचा इंजिनिअर, तो ब्लेडनं टेप कापून एकाला एक जोडत जायचा. सलग अठरा मिनिटं हे गाणं रेकॉर्ड होईपर्यंत कुणी वाजवलेलंच नव्हतं. "हे गाणं बांधलेलं आहे रे," तो म्हणतो, "वाजवलेलं नाही. आणि तू बांधलेलं देऊळ गाडीवर घालून गावोगाव फिरवायचं म्हणतोयस."

हे वाक्य त्यानं परवा पहिल्यांदा म्हटलं आणि मला मान्य करायला लागेल की मी दोन मिनिटं गप्प बसलो. चांगलं वाक्य आहे. पण मग मला वाटलं, अरे, आपल्याकडं देवाची पालखी निघतेच की. मूळ मूर्ती गाभाऱ्यात राहते आणि उत्सवमूर्ती बाहेर पडते, आणि पालखीतला देव खोटा आहे असं कुणी म्हणत नाही.

माझी बाजू सांगायची तर आधी कॅसेटचं सांगायला लागेल. मी विलिंग्डनला अकरावीत होतो, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट, आणि माझा पुण्याचा आत्तेभाऊ दिवाळीत येताना दोन कॅसेट घेऊन आला. 'येससाँग्ज', येसचा लाईव्ह अल्बम, १९७३चा, मुळात तीन रेकॉर्डींचा, तो त्यानं एका नव्वदच्या आणि एका साठच्या कॅसेटवर भरला होता. साठच्या कॅसेटला एका बाजूला अर्धा तास. आधीची दोन गाणी वीसेक मिनिटं खायची आणि मग 'क्लोज टू द एज' सुरू व्हायचं, त्यामुळं साईड ए संपायची ती बरोबर गाण्याच्या मध्यावर, त्या संथ भागात, गळे एकमेकांत मिसळत असताना. खट्. मग उठायचं, कॅसेट उलटी करायची, परत बसायचं आणि तिथनं पुढं. दहा वर्षं मी हे गाणं असंच ऐकलं. मला मूळ स्टुडिओतलं ऐकायला मिळालं ते नोकरीला लागल्यावर, सीडीवर, आणि पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते स्वच्छ, सुंदर आणि जरा गार वाटलं. घरातल्या माणसाचा लग्नातला रंगवलेला फोटो बघावा तसं.

२०१९च्या पुरात आयर्विनला पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या घरात पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत होतं. कपाटाच्या खालच्या खणातलं सगळं चिखलात. ती साठची कॅसेट मी छोट्या स्क्रू ड्रायव्हरनं उघडली, गाळ भरलेला होता आत, टेप बाहेर काढून स्वच्छ पाण्यात हळूहळू धुतली, जिन्याच्या कठड्यावर सावलीत पसरून ठेवली, बोटभर रुंदीसुद्धा नसलेली ती तपकिरी पट्टी, लांबच लांब, आणि आई म्हणाली भांडी धुवायची सोडून काय करतोयस. वाळल्यावर दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात भरली. वाजते. झांजांचा चकाकता आवाज गेलाय, बेस जरा जास्त आलाय, पण वाजते. स्टुडिओतली सीडी पण बुडाली होती, ती मी दुसरी आणली. ह्या कॅसेटसारखी दुसरी आणता येत नाही.

विश्रामबागवाला ह्यावर म्हणतो की बास, झालं की, तू पहिल्यांदा लाईव्ह ऐकलंस म्हणून तुला लाईव्ह आवडतं, मुद्दा संपला. पण नाही संपत. मी ह्याचा खरंच विचार केलाय. माझी सवय बाजूला ठेवून बघितलं तरी एक गोष्ट उरते, आणि ती त्याच्याच मुद्द्यातनं निघते. जर हे गाणं रेकॉर्ड होईपर्यंत कधी सलग वाजलंच नव्हतं तर ते पहिल्यांदा सलग झालं कुठं? स्टेजवर. टेपवर जुळवून झाल्यावर त्यांना आपलंच गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायला शिकायला लागलं. स्टुडिओत जे जोड ब्लेडनं मारले होते ते स्टेजवर पाच जणांना श्वासानं आणि नजरेनं मारायला लागले. एका भागातनं दुसऱ्या भागात जाताना टेपला काही वाटत नाही, माणसाला वाटतं, आणि ते वाटलेलं ऐकू येतं.

इथं आमचा ड्रमर पेटला. कारण ड्रमची गोष्ट ह्या सगळ्यात सगळ्यात भारी आहे. रेकॉर्डवर बिल ब्रुफर्ड आहे, जॅझच्या अंगानं वाजवणारा, त्याचा स्नेअर म्हणजे काडकन मोडलेल्या काटकीसारखा. अल्बम वाजवून झाला आणि हा माणूस बँड सोडून किंग क्रिमसनमध्ये गेला. अल्बम बाजारात यायचाय सप्टेंबरमध्ये, अमेरिकेचा दौरा ठरलेला. मग अ‍ॅलन व्हाईट आला, आणि त्याला सगळं शिकायला मिळाले तीन दिवस. तीन. ३० जुलै १९७२ला डॅलसमध्ये तो स्टेजवर होता. हा तोच व्हाईट जो १९६९ला जॉन लेननबरोबर टोरांटोला गेला होता आणि तिथली तालीम विमानात झाली होती. ड्रमर म्हणाला, "मला लग्नात नवीन गायक आला तर दोन गाण्यांची पट्टी विचारून घ्यायला लागते, आणि ह्यानं हे तीन दिवसांत बसवलं? नाद खुळा माणूस."

'येससाँग्ज'वर हे गाणं व्हाईटचं आहे. आणि ऐकताना कळतं की तो ब्रुफर्डची नक्कल करत नाही, त्याला ती करायचीच नाहीये. ब्रुफर्ड लयीच्या मधनं मधनं नाचत जातो, व्हाईट जमिनीवर पाय रोवून उभा राहतो. परवा ड्रमरनं टीपॉयवर दोन्ही वाजवून दाखवलं, आधी रेकॉर्डवरचं, त्यात तो दोनदा चुकला, मग लाईव्हचं. दुसऱ्या भागाची ती अडनिडी लय व्हाईटच्या हातातनं आली की एकदम धावायला लागते. ड्रमरचं मत असं की ब्रुफर्ड श्रेष्ठ आहे पण गाणं व्हाईटनं चालवलं. मला हे पटतं. सूक्ष्म काम गेलं थोडं, पण अठरा मिनिटं पाच जणांना वाहून न्यायला जो कणा लागतो तो मिळाला.

आता जिथं मी हरतो ते पण लिहितो, कारण नाही लिहिलं तर विश्रामबागवाला वाचून फोन करणार. ऑर्गन. रेकॉर्डवरचा तो ऑर्गन खऱ्या चर्चमधला आहे, लंडनच्या क्रिपलगेटमधलं सेंट जाइल्स, रिक वेकमननं तिथं जाऊन वाजवलाय. आणि चर्चचा ऑर्गन हे नुसतं वाद्य नसतं, ती इमारतच वाजत असते, दगडी भिंती, उंच छत, सगळी हवा. स्टेजवर चर्च कुठनं आणणार? वेकमनला ते कीबोर्डांच्या ढिगातनं काढायला लागलं. परवा आम्ही दोन्ही एकापाठोपाठ एक लावले, दिवे घालवून. रेकॉर्डवरचा ऑर्गन सुरू झाला आणि खोलीचं छत वर गेलं. लाईव्हचा सुरू झाला तर छत आहे तिथंच. ह्याच्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, इथं रेकॉर्ड जिंकते, आणि सपशेल जिंकते.

वर 'येससाँग्ज'चा एकूण आवाजही गढूळ आहे, तो माझ्या कॅसेटचा दोष नाही, मूळ रेकॉर्डच तशी आहे. ख्रिस स्क्वायरचा तो रिकनबॅकर बेस, जो स्टुडिओत तारेच्या धारेसारखा लागतो, तो इथं बऱ्याच ठिकाणी राड्यात रुततो.

पण ऑर्गनच्या आधी काय आहे? गळे. अँडरसन, स्क्वायर आणि गिटारवाला स्टीव्ह हाव, तिघं. तो संथ भाग स्टुडिओत आवाजावर आवाज चढवून केलेला, ढगासारखा, कोण कुठला ते कळत नाही. लाईव्ह मध्ये तीन माणसं आहेत. तीनच. एक वरचा सूर धरून थांबतो, दुसरा खालनं येतो, आणि मधे एक क्षण असा असतो की दोघं एकमेकांची वाट बघतायत हे कळतं. मला कुणी विचारलं की हे गाणं लाईव्ह का चालतं, तर मी तेवढा एक मिनिट ऐकवीन आणि गप्प बसेन.

मिरजेचा मित्र तोपर्यंत काही बोलला नव्हता. तो बोलतो कमी. मग म्हणाला, "तुमचं भांडण उलटं चाललंय असं नाही वाटत? आपल्याकडं कुणी विचारतं काय, की खाँसाहेबांची रेकॉर्ड मैफिलीत उभी राहते का म्हणून?"

आणि हे खरंच आहे. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, मिरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे, उरुसाला तिथं अजून गाणं होतं. त्यांच्या ज्या रेकॉर्डी आहेत त्या तीन-साडेतीन मिनिटांच्या, कारण मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर तेवढंच मावायचं. त्या ऐकताना आपण म्हणतो, काय असेल समोर बसून ऐकणं! रेकॉर्ड म्हणजे मैफिलीची आठवण, उरलेला तुकडा. रॉकवाल्यांकडं सगळं फिरलेलं, रेकॉर्ड हे मूळ आणि मैफल ही तिची परीक्षा. आम्ही सांगलीत बसून त्यांच्या बाजूनं भांडत होतो, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

मग त्यानं जवारीचं सांगितलं, म्हणजे तंबोऱ्याची तार झणझणती लावण्याचं. मी त्यांच्या कारखान्यात बऱ्याचदा गेलोय त्यामुळं डोळ्यासमोर आहे. तंबोऱ्याच्या घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात तिचा, माथा कानसानं घासत आणतात, केसाएवढा उतार देतात, तार त्या उतारावर हलकेच टेकत झणझणली पाहिजे. आणि मग तारेखाली सुती दोरा घालतात, साधा दोरा, आणि तो अगदी सुताभर मागं-पुढं सरकवत राहतात, एका जागी आला की अचानक तार उघडते, आतनं चार-पाच सूर एकदम बाहेर पडतात. त्याचे चुलते हे करताना डोळे मिटून घेतात. आणि गवई बसला, हवा बदलली, पाऊस आला की तो दोरा परत सरकवायला लागतो. "आम्ही कितीही चांगली लावून दिली जवारी," तो म्हणाला, "तरी बैठकीत ज्याचा त्यानं दोरा लावायचा असतो. तंबोरा तयार कधी होतच नाही. तुमचं हे गाणं पण स्टुडिओत घोडी झालं, दोरा स्टेजवर लागला असंल."

विश्रामबागवाला म्हणाला, "मग बिघडला तर?" हा म्हणाला, "मग बिघडतो. उद्या परत लावायचा."

ह्याच्यावर मग नंतरच्या वाजवण्यांकडं गाडी वळली, आणि इथं माझी मतं जरा कडक आहेत. २००१चं ऑर्केस्ट्राबरोबरचं आहे, अ‍ॅमस्टरडॅमचं, ते दिसायला भव्य पण त्या पहिल्या धुमाकुळात इतकी माणसं वाजवायला लागली की धोका निघून जातो, आणि तो भाग धोक्यावरच उभा आहे. अलीकडच्या वर्षांत येसनं हा अख्खा अल्बम स्टेजवर वाजवला, अँडरसनच्या जागी जॉन डेव्हिसन गायला, प्रामाणिक गायला, पण लय मला फार बसल्यासारखी वाटते. स्क्वायर २०१५ला गेला, व्हाईट २०२२ला गेला, त्यामुळं कुणाला नावं ठेवायची इच्छा होत नाही. आणि तिकडं जॉन अँडरसन, १९४४चा जन्म, ऐंशीच्या घरात आलेला माणूस, त्याच्यापेक्षा कितीतरी लहान पोरांच्या 'बँड गीक्स' नावाच्या बँडबरोबर हेच गाणं अमेरिकेत घेऊन फिरला. त्याचे व्हिडिओ आम्ही परवा बघितले. वरच्या सुराला आवाज आधी जरा थरथरतो आणि मग जाऊन बसतो. विश्रामबागवालासुद्धा तेव्हा काही बोलला नाही. ड्रमर म्हणाला, "हे रेकॉर्डमध्ये नाही हां." त्याला म्हणायचं होतं की सत्तावीस वर्षांच्या पोरानं म्हटलेलं नदीचं गाणं आणि त्याच माणसानं पन्नास वर्षांनी म्हटलेलं नदीचं गाणं, ह्यात जे अंतर पडतं ते स्टुडिओत तयार करता येत नाही. म्हटलं त्यानं एवढंच, पण मला तसं कळलं.

विश्रामबागवाला अजून आपल्या जागेवर आहे. त्याचं शेवटचं म्हणणं असं की तुम्ही सगळे माणसांबद्दल बोलताय आणि मी गाण्याबद्दल बोलतोय, गाण्याचं सगळ्यात पूर्ण रूप एकच आहे आणि ते १९७२ला झालं. मी त्याला म्हटलं पूर्ण रूप हवंय कुणाला. तो म्हणाला मला. ह्याच्यापुढं काय बोलणार, ते पण एक खरंच आहे, तो हे गाणं माझ्याइतकंच जिवापाड ऐकतो, ऑर्गन सुरू झाला की त्याच्या हातातला चहा तसाच राहतो.

साडेबारा वाजून गेले होते. ड्रमरला सकाळी सौदे होते. तरी शेवटचं एकदा लावूया म्हणून मी पिशवीतनं कॅसेट काढली, विश्रामबागवाल्याकडं जुना डेक अजून चालू आहे, त्यानं तो स्वतः माझ्यासाठीच दुरुस्त करून ठेवलाय हे पण इथं लिहिलं पाहिजे. पाखरं आली, त्यांच्यावर पुरानं आणलेली खरखर. बाहेर बेडकांचा कालवा. धुमाकूळ झाला, व्हाईट सुटला, ड्रमरनं गुडघ्यावर धरला ताल, एकदाही चुकला नाही. मग सगळं खाली आलं, गळे सुरू झाले, एक वर, एक खालून, मिरजकरानं डोळे मिटले.

खट्.

मी उठायच्या आधी विश्रामबागवाला उठला होता. त्यानं कॅसेट काढली, बाजू उलटी केली, टेप जरा ढिली वाटली म्हणून करंगळी घालून चाक दोनदा फिरवलं, आणि मग दार हळू बंद करून बटण दाबलं.